‘पर्सेपोलिस’ : एका चित्रमय आत्मकथनाची प्रस्तावना

मर्जान सात्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’ या ग्रंथाचे पहिले पान उघडताच दोन चौकटी शेजारी शेजारी दिसतात. पहिलीत डोक्यावरून काळे वस्त्र घेतलेली, समोर पाहत बसलेली दहा वर्षांची एक मुलगी आहे. दुसरीत तिच्या वर्गातील चार मुली तशाच वेषात ओळीने बसल्या आहेत, आणि त्या ओळीच्या डाव्या टोकाला, चौकटीच्या रेघेने जवळजवळ पुरती कापली गेल्यामुळे, आपल्या नायिकेचा केवळ पुसटसा अंश राहिला आहे. साल १९८०. तेहरानच्या ज्या फ्रेंच शाळेत मुलगे आणि मुली एका बाकावर शिकत होते ती शाळा बंद करून, दोघांना विभक्त करून, मुलींनी मस्तक झाकलेच पाहिजे असा हुकूम नव्या राजवटीने काढला, तेव्हा त्या मुलींनी त्या वस्त्राचे काय केले, तेही त्याच पानाच्या तळाशी येते. कोणी त्याची उड्या मारण्याची दोरी केली, कोणी घोड्याचा लगाम केला, कोणी उकडते म्हणून ते काढून टाकले. आणि एक मुलगी दुसरीचा गळा दाबून देहदंडाचा खेळ खेळत आहे. मोठी माणसे रस्त्यावर जे करीत होती ते मुले अंगणात करीत होती, ही गोष्ट लेखिकेने कोणतेही भाष्य न करता पहिल्याच पानावर नोंदवून टाकली आहे.

सात्रापी यांचा जन्म १९६९ मध्ये कॅस्पियन समुद्राजवळच्या रश्त शहरी झाला आणि बालपण तेहरानमध्ये गेले. चौदाव्या वर्षी, इराण-इराक युद्ध चालू असताना, आईवडिलांनी त्यांना एकटीला व्हिएन्नाला धाडले. काही वर्षांनी त्या परतल्या, तेहरानमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले, विवाह केला, तो मोडला, आणि १९९४ मध्ये फ्रान्सला जाऊन तेथेच स्थायिक झाल्या. चित्रकथाकारांनीच १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘लासोसिआसियाँ’ या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने २००० ते २००३ या काळात त्यांचे हे आत्मकथन चार भागांत प्रसिद्ध केले. २००७ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, त्याचे दिग्दर्शन व्हिन्सेंट पॅरोनो यांच्या समवेत स्वतः सात्रापी यांनीच केले, आणि कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. आपल्या पित्याच्या आउशवित्झच्या आठवणी उंदीर-मांजरांच्या रूपाने चितारणाऱ्या आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’चे, ज्याला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर सन्मान लाभला, ऋण लेखिकेने मोकळेपणाने मानले आहे. तरी त्या ग्रंथाची छाया या ग्रंथावर पडलेली नाही. ‘माउस’मध्ये पुत्र पित्याची जबानी टिपून घेतो; येथे साक्ष देणारी आणि ती लिहून घेणारी व्यक्ती एकच आहे, आणि या ग्रंथाचे सारे सामर्थ्य, तशीच त्याची सारी जोखीम, या एकाच गोष्टीत साठवली आहे.

मराठी वाचकाला इराण सर्वस्वी परका नाही. आपल्या दप्तरांवर आणि न्यायनिवाड्यावर फारसीचा अंमल शतकानुशतके राहिला. सासानी साम्राज्य लयाला गेल्यावर आलेले पारशी आणि त्यांच्यामागून पुष्कळ काळाने येऊन मुंबई-पुण्यात चहाची दुकाने थाटणारे इराणी आपल्या नागरी जीवनात मिसळून गेले. परंतु हा परिचय जुन्या इराणचा आहे. नंतरचा इराण आपल्यापर्यंत पोहोचला तो वृत्तपत्रांतील छायाचित्रांतून, म्हणजे काळ्या वस्त्रांतील स्त्रियांचा समुदाय आणि उगारलेल्या मुठी यांतून. म्हणून ग्रंथात शिरण्यापूर्वी काही घटना ध्यानी धरणे अगत्याचे आहे. १९२५ मध्ये काजार घराण्याची सत्ता संपवून रझा खान हा लष्करी अधिकारी शहा झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ब्रिटिश आणि रशियन फौजा देशात उतरल्यावर त्याला पदत्याग करावा लागला आणि पुत्र मोहम्मद रझा तख्तावर आला. १९५१ मध्ये पंतप्रधान मोसद्देक यांनी ब्रिटिशांच्या ताब्यातील तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, आणि दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५३ मध्ये, ब्रिटिश व अमेरिकन गुप्तहेर खात्यांनी रचलेल्या उठावाने त्यांना पदच्युत केले. लोकांनी निवडलेले सरकार परकीयांनी मोडले ही जखम इराणी मनात भरून आली नाही. शहाच्या ‘सावाक’ या गुप्त पोलीस खात्याच्या तुरुंगांनी ती वाहती ठेवली; आणि १९७१ मध्ये प्राचीन पर्सेपोलिस नगरीच्या भग्नावशेषांत शहाने इराणी राजसत्तेच्या अडीच हजार वर्षांचा जो महोत्सव जगभरच्या राजेरजवाड्यांना बोलावून साजरा केला, त्याच्या खर्चाने रयतेचा संताप अधिकच पेटला. १९७८ च्या सप्टेंबरात तेहरानच्या जालेह चौकात फौजेने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. १९७९ च्या १६ जानेवारीला शहाने देश सोडला. १ फेब्रुवारीला क्रांतीचे नेते आयतुल्ला खोमेनी परतले. एप्रिलमध्ये इस्लामी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी, २२ सप्टेंबर १९८० रोजी, इराकने स्वारी केली, आणि १९८८ च्या ऑगस्टपर्यंत चाललेल्या त्या युद्धात दोन्ही बाजूंची लक्षावधी माणसे गेली.

हा इतिहास ज्या घरातून आपल्याला दिसतो ते घर सामान्य नव्हे. आईच्या बाजूने मर्जीचे, म्हणजे ग्रंथातील लहानग्या मर्जानचे, पणजोबा काजार वंशाचे बादशहा. आजोबा राजपुत्र असून साम्यवादी झाले आणि कैद भोगून आले. वडील अभियंते, आई निदर्शनांत पुढे. त्या निदर्शनांत टिपलेले आईचे छायाचित्र युरोपीय वृत्तपत्रांत आणि इराणमधल्या एका मासिकातही छापून आले, तेव्हा तिने भयाने केसांचा रंग बदलला आणि पुष्कळ दिवस काळा चष्मा लावून वावरली. वडिलांची कॅडिलॅक आणि घरातील मोलकरीण कुटुंबाबरोबर टेबलावर जेवत नाही ही गोष्ट, या दोहोंची मर्जीला लाज वाटते. आपण प्रेषित व्हावे आणि हे सारे बदलून टाकावे असे तिच्या मनात येते, आणि रात्री बिछान्यात ती ईश्वराशी गप्पा मारते. तिच्या पुस्तकातील कार्ल मार्क्स आणि तिचा ईश्वर यांच्या चेहऱ्यात साम्य आहे, फक्त मार्क्सचे केस जरा अधिक कुरळे आहेत. पुढे शहाच्या तुरुंगातून नऊ वर्षांनी सुटून आलेला अनूश काका तिच्या जीवनात येतो. कैदेत पावाच्या लगद्यापासून घडवलेला एक हंस तो तिच्या हाती ठेवतो, आणि ज्या क्रांतीसाठी त्याने आयुष्य वेचले तीच क्रांती काही महिन्यांत त्याला पुन्हा कैद करते. भेटीसाठी एकाच व्यक्तीचे नाव सांगण्याची मुभा त्याला मिळते तेव्हा तो या लहान मुलीचे नाव सांगतो; त्या अल्पशा भेटीत तो तिला दुसरा हंस देतो; त्यानंतर त्याच्या देहान्ताची वार्ता वृत्तपत्रात, रशियन हेर म्हणून, छापून येते. त्या रात्री मर्जी ईश्वराला खोलीतून हाकलून देते. पुढचे चित्र एका काळ्याभोर अवकाशाचे आहे, आणि त्यात ही मुलगी निराधार तरंगते आहे.

येथे चित्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण चित्रकथा म्हणजे बालवाचकांची करमणूक हा ग्रह आपल्याकडे खोल रुजला आहे. १९६७ पासून निघालेल्या ‘अमर चित्रकथा’ने आपल्या अनेक पिढ्यांना पुराणे आणि इतिहास यांची गोडी लावली हे खरे, पण चित्र म्हणजे सोपी गोष्ट ही समजूतही तिच्यासोबतच दृढ झाली. वास्तविक आपली परंपरा याहून प्रौढ आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने गातात, तेव्हा समोर बसलेला श्रोता बालक नसतो, सारा गाव असतो. इराणमध्येही पडद्यावर चितारलेले करबलेचे प्रसंग काठीने दाखवीत सांगणारे पर्देखान होते, आणि शाहनाम्याच्या हस्तलिखितांतील लघुचित्रे तर जगविख्यातच आहेत. सात्रापी यांनी शिक्षण युरोपीय पद्धतीचेही घेतले, तथापि त्यांच्या चौकटींत खोलीचा भास क्वचितच असतो. माणसे एका पातळीवर, सपाट, एकमेकांना खेटून उभी असतात. जमाव असला की चेहरे एकसारखे होतात आणि त्यांची वेलबुट्टी बनते. देशाच्या दीर्घ इतिहासातील जुलमांचे वर्णन आले की पुरातन शिलापटावरील मिरवणुकीची आठवण होईल अशा ओळी पानभर पसरतात.

रंग दोनच, काळा आणि पांढरा. मधली राखाडी छटादेखील नाही. काहींना हे दारिद्र्य वाटेल. मला ते या ग्रंथाचे मोठे नैतिक बळ वाटते, कारण रक्ताला लाल रंग दिला की पाहणाऱ्याची दृष्टी रक्तावर खिळते आणि माणूस विसरला जातो. येथे छिन्न देहसुद्धा त्याच काळ्या शाईने काढला आहे जिने स्वयंपाकघरातील किटली काढली. युद्धाच्या प्रकरणातील एकच पान उदाहरणादाखल घेतो. गरीब वस्त्यांतील मुलांना शाळेत सोनेरी रंगाच्या प्लॅस्टिकच्या किल्ल्या वाटल्या जात, आणि युद्धात मरण आले तर या किल्लीने स्वर्गाचे द्वार उघडेल असे सांगितले जाई. सात्रापींच्या घरच्या मोलकरणीचा मुलगाही अशीच एक किल्ली घेऊन घरी आला होता. या पानाच्या वरच्या भागात त्या मुलांच्या काळ्या आकृती, गळ्यात किल्ली लटकत असताना, सुरुंगाच्या स्फोटात हवेत भिरकावल्या गेल्या आहेत. खालच्या भागात त्याच वयाची, सुखवस्तू घरातील मुले मर्जीच्या पहिल्यावहिल्या मेजवानीत नाचत आहेत, त्यांचेही हातपाय तसेच हवेत उडाले आहेत. मर्जीच्या अंगात आईने मुद्दाम भोके ठेवून विणलेला स्वेटर आणि गळ्यात साखळ्या-खिळ्यांचा हार आहे. शब्दांच्या लेखकाला हे दोन प्रसंग एकामागून एक सांगावे लागले असते आणि मध्ये एखादे उभयान्वयी अव्यय घालून त्यांचे नाते स्पष्ट करावे लागले असते. चित्रकाराने दोन्ही आकृतिबंध एका पानावर वरखाली ठेवले, आणि देशातील गरीब-श्रीमंतांच्या मरणातला भेद वाचकाच्या डोळ्यांना क्षणात उमगला.

दुसरे उदाहरण याहून संक्षिप्त आहे. शेजारच्या यहुदी कुटुंबाच्या घरावर क्षेपणास्त्र पडते. ढिगाऱ्याजवळून आईबरोबर जाताना मर्जीला आपल्या मैत्रिणीचे पिरोजाचे कंकण दिसते, आणि ते ज्याला अजून चिकटून होते ते काय, हे तिच्या ध्यानात येते. ती तोंडावर हात ठेवते, नंतर डोळ्यांवर. त्यानंतरची चौकट संपूर्ण काळी आहे, तिच्यात एक रेघही नाही. ज्याच्याजवळ सर्व काही काढून दाखवण्याचे कौशल्य आहे त्याने येथे काढायचे नाही असे ठरवले; अशी मर्यादा पाळणारे युद्धवाङ्मय थोडे आहे.

परंतु हे सर्व रचनेचे गुण झाले, आणि केवळ त्यांच्यासाठी इतकी दीर्घ प्रस्तावना लिहिण्याचे कारण नव्हते. मला हा ग्रंथ थोर वाटतो तो साक्षीदाराने स्वतःला साक्षीतून वगळले नाही म्हणून. जुलमाच्या राजवटीत वाढलेल्या माणसाच्या आत्मकथनात एक मोह सदैव दबा धरून असतो: जुलूम करणारे सर्व तिकडे, सोसणारे सर्व इकडे, आणि निवेदक अर्थातच इकडे. सात्रापी या मोहाला बळी पडत नाहीत. शहाचे तख्त उलथल्यावर सुटून आलेल्या कैद्यांच्या तोंडून छळाच्या हकीकती ऐकलेली मर्जी बागेत नवा खेळ काढते, आणि हरणाऱ्याला त्या हकीकतींवरून सुचलेल्या शिक्षा ठरवते. आणि त्या खेळात आपल्याला सत्तेचा जो सैतानी आनंद झाला, तोही ती लपवीत नाही. सावाकमध्ये असलेल्या एका गृहस्थाच्या मुलाला धडा शिकवण्यासाठी ती मित्रांना जमवून, बोटांच्या बेचक्यांत खिळे धरून, त्याच्या मागे लागते. आई येऊन थांबवते आणि बापाच्या कृत्यांसाठी मुलाला जबाबदार धरता येत नाही हे सांगते. दहा वर्षांची मुलगी न्यायाच्या नावाने काय करू शकते, हे त्या हातातील खिळ्यांइतके स्पष्टपणे कोणत्याही राजकीय विवेचनातून कळले नसते.

पुढे वयात आल्यावरचा प्रसंग तर याहून कठोर आहे. व्हिएन्नाहून परतलेली मर्जी तेहरानमध्ये रस्त्यावर आपल्या प्रियकराची वाट पाहत उभी आहे, ओठांना रंग लावलेला आहे, आणि क्रांतिरक्षकांची गाडी येते. आपण पकडले जाणार या भयाने ती पायऱ्यांवर बसलेल्या एका निरपराध माणसाकडे बोट दाखवते आणि त्याने आपल्याला अश्लील शब्द उच्चारल्याची तक्रार करते. रक्षक त्याला घेऊन जातात. त्याचे पुढे काय झाले हे आपल्याला कळत नाही. घरी येऊन ती ही हकीकत आजीला चातुर्याची गोष्ट म्हणून हसत सांगते, आणि आजी, जी या ग्रंथातील सर्वांत स्नेहार्द्र व्यक्ती आहे, जी अंतर्वस्त्रात मोगऱ्याच्या जातीची सुगंधी फुले ठेवते आणि नातीला कुशीत घेऊन झोपते, ती आजी प्रथमच संतापते. तुझा आजोबा कोण होता, तुझा काका कोणासाठी मेला, याची आठवण देते आणि तिच्याकडे पाठ फिरवते. छापल्यावाचून राहिला असता तर जगात कोणालाही हा प्रसंग कळण्याचे कारण नव्हते. तो चित्रांसह, पाने देऊन छापणे, यात मला या लेखिकेचे शील दिसते. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे धैर्य आहे, स्वतःचा हट्ट, स्वतःचा अज्ञानमूलक सोवळेपणा त्यांनी जसाच्या तसा मांडला, आणि म्हणूनच इतरांविषयी त्या जे सांगतात त्यावर आपला विश्वास बसतो. सात्रापी यांची राजवटीविषयीची साक्ष खरी मानावी, याला माझ्यापुरते सर्वांत बळकट प्रमाण म्हणजे पायऱ्यांवरचा तो अनामिक मनुष्य.

ग्रंथाचा उत्तरार्ध, विशेषतः व्हिएन्नाचा भाग, पूर्वार्धापेक्षा फिका आहे असे म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. बॉम्ब नाहीत, निदर्शने नाहीत, एक मुलगी वसतिगृहातून एका घरी, त्या घरातून दुसऱ्या घरी ढकलली जाते, प्रेमात फसते, शेवटी रस्त्यावर दिवस काढून आजारी पडते. यात इतिहास कोठे आहे, असे त्यांना वाटते. माझे मत उलट आहे. युद्धातून सुटका झालेल्या मुलाला आपण सुटलो याची जी शरम वाटते, तिचे इतके नेमके चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. घरचे लोक क्षेपणास्त्रांखाली असताना आपण येथे निरर्थक मित्रमंडळींत वेळ घालवतो हे तिला सहन होत नाही, म्हणून ती बातम्या पाहणेच टाळते. एका मेळाव्यात ती आपण फ्रेंच असल्याचे सांगते. पुढे उपाहारगृहात त्याच खोटेपणावरून काही मुलींनी केलेली थट्टा कानी पडल्यावर मात्र ती उठून, आपण इराणी आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, असे सर्वांना ठणकावते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या आईबापांनी ही प्रकरणे सावकाश वाचावीत. परतल्यानंतरच्या भागात तेहरानच्या कलाविद्यालयातील शरीररचनेचा वर्ग येतो: समोर बसवलेली स्त्री आपादमस्तक काळ्या चादोरमध्ये, आणि विद्यार्थिनींनी तिच्यावरून मानवी देह रेखाटायचा. सर्व बाजूंनी पाहून झाले तरी वस्त्राच्या घड्यांखेरीज कागदावर उतरण्यासारखे काही नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. हा इराण एका संपन्न, सुशिक्षित, पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या, धर्मापासून दूर गेलेल्या कुटुंबाचा आहे. ज्या कोट्यवधींनी श्रद्धेने क्रांतीला मत दिले, ज्यांचे पुत्र सीमेवर गेले, त्यांचे अंतःकरण येथे नाही. हे खरे आहे. परंतु मुलाला परदेशी पाठवण्याची ऐपत कोणाची होती आणि गळ्यात किल्ली कोणाच्या पडली, हा भेद वाचकाला दाखवून देणारी व्यक्ती लेखिकाच आहे. शेजाऱ्याच्या मुलावर प्रेम करणाऱ्या मोलकरणीचा स्वप्नभंग खुद्द पुरोगामी वडिलांच्या हातून होतो, हेही तिनेच लिहिले. एका देशातील मूठभर अतिरेक्यांच्या कृत्यांवरून साऱ्या राष्ट्राला दोषी ठरवू नये, ही तिची हा ग्रंथ लिहिण्यामागची उघड भूमिका आहे, आणि ती पश्चिमेलाही तितक्याच परखडपणे लागू करते: इराणविषयक धोरणात फ्रान्सचे वर्तन दुटप्पी आहे असे सांगून २०२५ च्या जानेवारीत सात्रापी यांनी त्या देशाचा ‘लेजियों द’ऑनर’ हा किताब नाकारला. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा इतर चित्रकार व अभ्यासकांना एकत्र आणून त्यांनी त्या चळवळीवर नवा चित्रग्रंथ सिद्ध केला. १९८० च्या वर्गातील त्या मुली आता पन्नाशी ओलांडून गेल्या. रस्त्यावर उतरल्या त्या त्यांच्या लेकी.

एक विनंती करून थांबतो. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत, शिकागोच्या शाळाखात्याने, छळाची चित्रे आहेत या कारणास्तव हा ग्रंथ वर्गांतून काढून घेण्याचा हुकूम दिला, आणि तेथील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. आपल्या घरांतही कोणी वडीलधारे हे पुस्तक चाळून, ‘हे मुलांच्या हाती नको’ असे म्हणतील, हे मी गृहीत धरतो. चित्रे कठोर आहेत. लहान मुलांना ती दाखवू नयेत. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना हे पुस्तक जरूर द्यावे, कारण ज्या वयात ते वाचायचे त्याच वयात लेखिकेने ते भोगले होते. आणि ते वाचताना त्यांना जे प्रश्न पडतील, त्यांची उत्तरे देण्यासाठी घरातील एका मोठ्या माणसाने हा ग्रंथ आधी स्वतः, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वाचून ठेवावा.